खानोलकरांची काचपट्टी : कुष्ठरोगाचे विकृतिशास्त्र आणि संदर्भांचा हिशेब

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांचे नाव आज निघते ते बहुतेक कर्करोगाच्या निमित्ताने. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या, भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांच्या पुढाकाराने १९५२ साली सुरू झाले, आणि देशातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा दुसरा मोठा हिस्सा मात्र कुष्ठरोगाचा आहे. त्यातले काही निष्कर्ष टिकले, काही मागे पडले, आणि एक तर चुकीच्या दिशेने निघून भलत्याच उपयोगी ठिकाणी पोहोचला. संशोधनाचे मोल इतरांनी दिलेल्या संदर्भांवरून ठरवण्याची आजची रीत कुठवर चालते आणि कुठे तोकडी पडते, हे या कामावरून चांगले कळते.

‘पॅथॉलॉजी’ म्हटले की रक्त-लघवी तपासणारी लॅब एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. केदारखेड्यासारख्या गावातून भोकरदनला किंवा जालन्याला रिपोर्ट काढायला जाणाऱ्या माणसाच्या लेखी पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रिपोर्टच्या तळाशी असलेली सही. रोग्याची आणि त्याची गाठ सहसा पडतच नाही. त्याच्यासमोर येतो तो शरीराचा तुकडा : त्वचेचा, गाठीचा, कधी शवविच्छेदनातला. रोगाने त्या तुकड्यात काय उलथापालथ केली आहे हे पाहून रोग कोणता, कुठवर गेला आणि कसा शिरला असेल, याचा माग तो काढतो. संसर्गजन्य रोगांत या कामाला आणखी एक पदर असतो. तिथे जंतू आणि शरीर यांच्यातली झटापट एकाच काचपट्टीवर दिसते, आणि ती झटापट वाचता आली तर रोगाचा स्वभाव उलगडतो.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे झाला. वैद्यकीय शिक्षण लंडनला झाले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातली एम.डी. पदवी त्यांनी घेतली. मायदेशी परतल्यावर मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि मग सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज येथे त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले. फेब्रुवारी १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. पुढे १९६० नंतरची काही वर्षे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. पदांची यादी बरीच लांबवता येईल, पण तिच्यातून त्यांची पाहण्याची पद्धत कळत नाही.

ती पद्धत कळते १९४५ सालच्या एका निबंधातून. सुरियाबाई या सहकारी संशोधिकेबरोबर लिहिलेल्या या निबंधाचा विषय होता लोकांच्या चालीरीती आणि कर्करोग यांचा संबंध. धोतर कमरेला वर्षानुवर्षे घट्ट कसले की नेमक्या त्याच पट्ट्यात त्वचा काळवंडते, जाड होते आणि काहींच्या बाबतीत तिथेच कर्करोग उद्भवतो, ही नोंद त्यात आहे. ‘धोतराचा कर्करोग’ हे नाव वैद्यकीय ग्रंथांत गेले ते तिथून. तंबाखू आणि चुना खालच्या ओठामागे धरून ठेवणाऱ्यांच्या कर्करोगाची नोंदही त्याच निबंधात येते. मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा खानोलकरांनी त्याआधी एक वर्ष प्रसिद्ध केला होता. रोग काचेवर दिसतो हे खरे, पण तो तिथे का आला हे माणसाच्या राहणीत शोधायचे, असा हा बाणा आहे. कुष्ठरोगाकडेही ते याच नजरेने वळले.

१९४० च्या दशकातला कुष्ठरोग म्हणजे वैद्यकापेक्षा समाजाचाच विषय अधिक होता. मुंबईत अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० पासून चालू होते. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम काढले, शिवाजीराव पटवर्धनांचे अमरावतीचे तपोवन १९४६ चे, आणि बाबा आमट्यांचे आनंदवन त्यानंतरचे. औषध म्हणावे तर कडूकवठाच्या बियांचे तेल. टोचताना ते भयंकर दुखे आणि गुण येईलच याची खात्री नसे. याच दशकात डॅप्सोन आले आणि पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उपचार हाती लागला. रोगाचा जंतू मात्र १८७३ पासून ठाऊक होता. नॉर्वेतल्या आर्माउर हॅन्सनने तो पाहिला तेव्हा क्षयाचा जंतूही कॉखला सापडलेला नव्हता. अडचण अशी की क्षयाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवता आला, कुष्ठरोगाचा वाढेना. जंतू वाढत नाही म्हणजे त्याच्यावर औषध तपासता येत नाही, लस करता येत नाही, आणि तो शरीरात कुठून शिरतो हेही प्रयोगाने सिद्ध करता येत नाही. अशा वेळी उरतो एकच मार्ग : रोग्याच्या त्वचेचे तुकडे काळजीपूर्वक पाहणे. हे काम विकृतितज्ज्ञाचेच.

हे पाहणे म्हणजे नेमके काय? चट्ट्याच्या कडेचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, पाण्याचा अंश काढून तो मेणात बसवतात आणि मायक्रोटोमच्या पात्याने त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एका कापाला नेहमीचा जांभळा-गुलाबी रंग देतात, दुसऱ्याला जंतू दिसावेत म्हणून कार्बोल फुक्सिनचा लाल. कुष्ठरोगाच्या जंतूचे आवरण मेणचट असल्याने एकदा बसलेला लाल रंग आम्लाने धुतला तरी सुटत नाही, आणि निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या उठून दिसतात. ऊतींच्या कापात मात्र हा जंतू क्षयाच्या जंतूपेक्षा नाजूक. आम्ल थोडे जास्त झाले की रंग जातो आणि जंतू असूनही नाही असे वाटते. म्हणून त्याच्यासाठी रंगाची खास कृती वापरावी लागते. अशा कामात हात बसायला वर्षे जातात, आणि कापाचा दर्जा खालावला की निष्कर्षही खालावतो.

एकाच रोगाची दोन टोके काचेवर ओळखू येणार नाहीत इतकी वेगळी असतात. ज्याचे शरीर जंतूंपुढे हात टेकते, त्याच्या त्वचेत फेसाळ दिसणाऱ्या मोठ्या पेशींच्या रांगा असतात आणि त्या पेशी जंतूंच्या गठ्ठ्यांनी ठासून भरलेल्या असतात. वरचे कातडे आणि ही गर्दी यांच्यामध्ये एक स्वच्छ रिकामी पट्टी राहते. अनुभवी डोळा आधी तीच शोधतो. ज्याचे शरीर नेटाने झुंजते, त्याच्या तुकड्यात जंतू शोधून सापडत नाहीत. तिथे दिसतात पांढऱ्या पेशींच्या वेढ्यातल्या घट्ट गाठी, आणि त्या गाठींच्या पोटात अर्धवट खाऊन टाकलेला मज्जातंतू. झुंजणाऱ्या शरीराकडूनच नसेचे अधिक नुकसान होते, हा या रोगाचा क्रूर विनोद आहे. हातापायाची बोटे झडतात ती जंतूने खाल्ली म्हणून नव्हे. नस मेली की बधिरपणा येतो, चटका आणि काटा कळत नाही, जखमा होतात, चिघळतात, आणि हाडे हळूहळू झिजून आखडतात.

खानोलकरांनी आपले लक्ष या दोन टोकांवर न ठेवता सुरुवातीच्या चट्ट्यांवर केंद्रित केले, आणि या निवडीतच त्यांचे वेगळेपण आहे. पूर्ण वाढलेला रोग पाहून शेवट कळतो. आरंभ कळायला नुकताच उमटलेला, धड लक्षातही न येणारा चट्टा पाहावा लागतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५१ मध्ये आपल्या विशेष अहवालमालेत त्यांचा अहवाल छापला. त्याचा विषय होता कुष्ठरोगातल्या प्रारंभीच्या चट्ट्यांची सूक्ष्मरचना. त्यातले मुख्य प्रतिपादन असे की रोग कोणत्याही प्रकाराकडे वळणार असो, जंतूचे पहिले ठाणे त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंतच असते. प्रकार नंतर ठरतो, नस आधी धरली जाते. मज्जातंतूंच्या विकाराला तोवर रोगाचा एक वेगळा प्रकार मानण्याची प्रथा होती. खानोलकरांच्या मांडणीत तो सगळ्याच प्रकारांचा पाया झाला. रॉबर्ट कॉक्रेन या मातब्बर कुष्ठरोगतज्ज्ञाबरोबर त्यांनी १९५८ मध्ये लिहिलेला, दोन टोकांच्या मधल्या आणि अनेक नसा धरणाऱ्या प्रकारावरचा निबंधही याच विचारातून आलेला आहे.

पुढे काय झाले? नसांना पहिला मान देणारा भाग टिकला. पाठ्यपुस्तके आज कुष्ठरोगाला मुळात मज्जातंतूंचा रोग म्हणतात आणि तो सिद्धान्त कुणाचा हे सांगायचे भानही त्यांना राहत नाही. जंतू उघड्या मज्जातंतूच्या टोकातून शिरून आतल्या आत वर सरकत जातो, हे खानोलकरांचे पुढचे म्हणणे मात्र जसेच्या तसे टिकले नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर दिसले की जंतूचे खरे घर मज्जातंतूच्या गाभ्यात नसून त्याला लपेटणाऱ्या श्वॉन पेशींत आहे. मुंबईत नोशीर अंटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मनगटाजवळच्या त्वचेला जाणाऱ्या नसेच्या एका फांदीचा या नव्या साधनाने बारकाईने अभ्यास केला. जंतू श्वॉन पेशीला नेमका कुठल्या रेणूच्या आधाराने चिकटतो हे १९९७-९८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत अनुरा रामबुक्काना यांनी दाखवले. या साखळीत खानोलकरांची कडी कुठे बसते ते जाणकाराला दिसते. १९९८ च्या निबंधाखालची संदर्भसूची पाहून मात्र ते कळेलच असे नाही, कारण प्रत्येक पिढी बहुधा आपल्या लगेच आधीच्या पिढीचाच हवाला देते.

आता त्या चुकीच्या दिशेने निघालेल्या कामाकडे. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली होती. रणदिवे मूळच्या पुण्याच्या. १९४९ मध्ये त्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली होती. जंतूला नसांची ओढ आहे, तर त्याला नसांच्याच पेशी पुरवून पाहाव्यात, हा तर्क खानोलकरांच्या विकृतिशास्त्रातून सरळ निघत होता. मानवी गर्भाच्या मज्जारज्जूलगतच्या गंडिकांचे संवर्धन करून त्यावर रोग्याच्या गाठीतले जंतू सोडण्यात आले. सी. व्ही. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये जाहीर केले की आम्लाला दाद न देणारा एक जंतू या मार्गाने प्रयोगशाळेत वाढला आहे. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी जंतू’ म्हणू लागले.

तो कुष्ठरोगाचाच जंतू असता तर वैद्यकाच्या इतिहासातले एक मोठे कुलूप परळला उघडले असते. पण तो तसा नव्हता. पुढच्या तपासण्यांत तो मायकोबॅक्टेरियम एव्हियम-इंट्रासेल्युलारे या निराळ्या कुळातला ठरला. खरा जंतू आजही कुठल्याही कृत्रिम माध्यमात वाढलेला नाही. चार्ल्स शेपर्डने १९६० मध्ये तो उंदराच्या तळपायात वाढवला. १९७१ मध्ये किर्चहायमर आणि एलिनॉर स्टॉर्स यांना तो अमेरिकेतल्या आर्माडिलो या खवलेधारी प्राण्यात वाढवता आला. त्याच्या हट्टीपणाचे कारण कळले २००१ मध्ये, त्याची संपूर्ण जनुकसंहिता वाचल्यावर. त्यासाठी वापरलेला वाण मुळात तमिळनाडूतल्या रोग्याकडचा होता. प्रथिने घडवणारी चालू जनुके सुमारे १,६०० आणि मोडून पडलेली १,१०० हून अधिक, अशी त्याची अवस्था निघाली. बाहेर जगायला लागणारी यंत्रणाच त्याने गमावली आहे. दोन जंतूंचे चार व्हायला त्याला बारा ते चौदा दिवस लागतात. आतड्यातल्या ई-कोलायला वीस मिनिटे पुरतात.

एवढ्यावर आयसीआरसी जंतूची गोष्ट संपायला हवी होती. पण हे केंद्र पुढे जिचे रूप झाले त्या कर्करोग संशोधन संस्थेचे माधव देव यांनी त्याच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. हा जंतू कुष्ठरोगाचा नसला तरी त्याच्या काही खुणा कुष्ठजंतूशी जुळतात, आणि तो प्रयोगशाळेत हवा तेवढा वाढवता येतो. मग किरणांनी मारून त्याचीच लस का करू नये? देवींच्या लसीमागचा न्यायही हाच होता : धोकादायक रोगापासून वाचवायला त्याचा निरुपद्रवी नातेवाईक वापरायचा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९९१ पासून तमिळनाडूत चार लसींची तुलना करणारी प्रचंड चाचणी घेतली. सुमारे १,७१,००० लोक तिच्यात सहभागी होते. मोहन गुप्ते आणि सहकाऱ्यांनी तिचे निकाल १९९८ मध्ये मांडले. आयसीआरसी लसीचे संरक्षण ६५.५ टक्के, बीसीजी आणि मेलेले कुष्ठजंतू यांच्या मिश्रणाचे ६४ टक्के, नुसत्या बीसीजीचे ३४.१ टक्के आणि ‘मायकोबॅक्टेरियम डब्ल्यू’ लसीचे २५.७ टक्के. चाळीस वर्षांपूर्वी ज्याची ओळख चुकली त्या जंतूची लस यादीत पहिली आली.

तोवर मैदान बदलले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये सुचवलेल्या बहुविध औषधोपचाराने रुग्णसंख्या झपाट्याने उतरत होती. दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारताने डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर गाठले. लसीकरणाची निकड त्यामुळे मागे पडली. विज्ञानात उत्तर बरोबर असणे पुरत नाही, ते वेळेवरही यावे लागते, हे या लसीच्या वाट्याला आले.

इतक्या गुंतागुंतीच्या प्रवासाचे मोजमाप आज एका आकड्यात करण्याची पद्धत आहे. एका शोधनिबंधाचा उल्लेख नंतरच्या किती निबंधांनी केला, ती संख्या म्हणजे त्याची सायटेशन. ही मोजदाद पद्धतशीर केली फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांनी. त्यांची विज्ञान संदर्भसूची १९६४ मध्ये बाजारात आली. मूळ हेतू ग्रंथपालाचा होता. एखादा जुना निबंध हातात असेल तर त्याच्यावरून पुढे काय काय लिहिले गेले ते शोधता यावे. वकील जुन्या निकालाचा पुढचा वापर शोधतात, त्याच धर्तीवर. मग नियतकालिकांची क्रमवारी लावायला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ आला, आणि २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ काढला. किमान दहा वेळा उल्लेखलेले दहा निबंध ज्याच्या नावावर आहेत त्याचा निर्देशांक दहा. शोधायचे साधन अशा रीतीने तोलायचे साधन बनले. आज प्राध्यापकांच्या बढत्या या आकड्यांकडे पाहून होतात.

संसर्गजन्य रोगाच्या विकृतितज्ज्ञाला हे माप कधी न्याय देते, याचे सर्वांत चांगले भारतीय उदाहरण बंगालमधले आहे. कलकत्त्याचे शंभुनाथ दे हे खानोलकरांसारखेच लंडनला शिकून आलेले विकृतितज्ज्ञ. पटकीने माणूस काही तासांत पाण्याविना मरतो, तो जंतूने आतडे खाल्ल्याने की विषाने, हा वाद कॉखच्या काळापासून भिजत पडला होता. दे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि त्या पिशवीत पटकीचे जंतू सोडले; पिशवी पाण्याने टम्म फुगली. चटर्जी यांच्याबरोबरचा हा निबंध १९५३ चा. १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून काढलेले पाणी तसेच टोचले, तरी पिशवी फुगली. म्हणजे करणी विषाची. ‘नेचर’मधला हा छोटासा निबंध आरंभीची काही वर्षे जवळजवळ दुर्लक्षित राहिला. १९६९ मध्ये अमेरिकेत ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे काढले गेले, आणि मग दे यांचे संदर्भ वाढत गेले. १९७८ मध्ये स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाचे त्यांना बोलावणे आले. नोबेलविजेते शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले होते. मायदेशातला मोठा सन्मान मात्र त्यांना मिळाला नाही. १९८५ मध्ये ते गेले, आणि दुसऱ्याच वर्षी खुद्द गारफिल्ड यांनी पटकीवरच्या संशोधनाचा संदर्भनकाशा काढून त्यात दे यांचे स्थान दाखवून दिले. माणसांनी केलेले दुर्लक्ष इथे आकड्यांनी भरून काढले, हे त्या पद्धतीच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवे.

खानोलकरांच्या बाबतीत तीच पद्धत अपुरी ठरते, आणि तिची कारणे पाहण्याजोगी आहेत. त्यांचे कुष्ठरोगावरचे बरेच लेखन देशी वैद्यकीय नियतकालिकांत, अहवालांत आणि ग्रंथांतल्या प्रकरणांत विखुरले आहे. गारफिल्ड यांच्या सूचीने जगातली ठरावीक नियतकालिकेच निवडली होती आणि त्यांत भारतीय फार थोडी होती. अहवाल तर हिशेबातच नव्हते. दे यांचा निबंध ‘नेचर’मध्ये होता म्हणून सापडला, तो एखाद्या प्रांतीय मासिकात असता तर नकाशात बिंदू उमटता की नाही, शंकाच आहे. दुसरे कारण असे की एखादी कल्पना सर्वमान्य झाली की तिचा संदर्भ देणे थांबते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे नेमके टिपले होते : योगदान जितके खोलवर मुरते तितके कर्त्याचे नाव पुसट होते. तिसरे कारण विषयाचेच आहे. कुष्ठरोगावर लिहिणारेच जगात थोडे, तेव्हा त्यावरचे उत्तम कामही कर्करोगावरच्या मध्यम कामापेक्षा आकड्यांत कमी भरणार. रोग गरिबांचा असला की त्याचे संदर्भही कमीच.

शहर आणि मोठी संस्था नसेल तर संदर्भ मिळतच नाहीत, असे मात्र म्हणता येत नाही. केदारखेडा ज्या भोकरदन तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या देहेड गावात डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा १९५१ मध्ये जन्म झाला. ते विकृतितज्ज्ञ नव्हेत आणि त्यांचा विषयही संसर्गाचा नाही. १९७६ पासून महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण तपासले, आणि हृदय कसे कोलमडते याच्या पूर्वखुणा १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडल्या. रक्तदाबावरच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीने मृत्यू टळतात, हे त्यांनी त्याच साप्ताहिकात १९८६ मध्ये दाखवले. २०११ मध्ये प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी ७० रुग्णांवरची चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली : नुसत्या प्राझोसिनने बरे व्हायला सरासरी पावणेअठरा तास लागत, प्रतिविषाची जोड दिल्यावर आठ. विंचूदंशावर जगात कुठेही लिहायचे तर या निबंधांना वळसा घालून जाता येत नाही. दे आणि बावस्कर या दोघांतही एक गोष्ट सारखी आहे : प्रश्न आपल्या दारातला निवडला आणि उत्तर जगभरचे लोक वाचतात तिथे छापले. खानोलकरांनी पहिली गोष्ट केली, दुसरीची फारशी फिकीर केली नाही.

खानोलकरांनी मागे जे ठेवले ते दुसऱ्या खात्यात. रणदिवे यांनी कर्करोगाबरोबर कुष्ठरोगाचेही काम चालू ठेवले आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. केंद्र पुढे कर्करोग संशोधन संस्था झाले, टाटा मेमोरियलमध्ये सामावले आणि आता नवी मुंबईत खारघरला आहे. तिथल्या एका इमारतीला ‘खानोलकर शोधिका’ असे नाव आहे. शिष्य, संस्था, एक जंतूवाण आणि काचपट्ट्या वाचायची शिस्त या गोष्टींसाठी संदर्भसूचीत रकाना नसतो.

ती शिस्त आजही लागते. जगातल्या नव्या कुष्ठरोग्यांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. रोग बाहेर दिसायला सरासरी पाच वर्षे लागतात, कधी वीसही. गावोगाव घरभेटीला जाणारे आरोग्य कर्मचारी फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा शोधतात; बहुतेक निदाने तिथेच होतात. शंका राहिली तर कानाच्या पाळीला चिमटीत धरून, रक्त थांबवून, पात्याने पाच मिलिमीटर लांब आणि दोनेक मिलिमीटर खोल चीर देतात, आतला रस खरवडून काचेवर पसरतात आणि लाल काड्या मोजतात. सूक्ष्मदर्शकाच्या शंभर क्षेत्रांत एक ते दहा जंतू म्हणजे एक अधिक. एकेका क्षेत्रात हजाराहून जास्त म्हणजे सहा अधिक. घरातल्या आणि शेजारच्या लोकांना रिफॅम्पिसिनचा एक डोस देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली. बांगलादेशातल्या चाचणीत त्या एका डोसाने पहिल्या दोन वर्षांत नवे रुग्ण ५७ टक्क्यांनी कमी झाले होते. पण नसेत आधीच ठाण मांडलेल्या जंतूंपर्यंत हा डोस कितपत पोहोचतो, हा प्रश्न सुटलेला नाही. चट्टा उमटण्याआधी नसेत काय चालते, ही १९५१ च्या अहवालातली चौकशी त्यामुळे अजून चालूच आहे.